आहे तसं वाचा, अप्पा

अप्पा,

आज तेरावा दिवस. मंजिरीचा, म्हणजे जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा, सकाळपासून तिसरा मेसेज आलाय. 'अप्पांवर चार शब्द लिहून दे ना गं सुमेधा. अंकात त्यांचा तो लिंबू-चमच्याच्या शर्यतीतला फोटो टाकतोय.' चारच शब्द हवे असतील तर माझ्याकडे तयार आहेत. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. बरोबर चार भरतात. पण ते अंकात शोभणार नाहीत, तुमच्या हसऱ्या फोटोखाली तर मुळीच नाहीत. मंजिरीला नंतर काहीतरी गोडगोड पाठवीन. हे तुम्हाला लिहितेय.

तुम्ही सगळ्यांना फार आवडत होतात, त्याचाच मला जास्त राग येतो. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी इथल्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चाळीसेक माणसं आली होती. एर्लांगनहून बसने विद्यार्थी आले. शेजारच्या फ्राऊ लिंडनर केक घेऊन आल्या, कारण दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं असं त्यांना वाटतं. आणि एकेक जण उभा राहून तुमच्याबद्दल बोलायला लागला, तर जो तो तुमच्या आजोबांचीच गोष्ट सांगत होता. फ्राऊ लिंडनरांनी तर दोन्ही हातांनी बांबू धरून उडी मारल्याचा अभिनय केला आणि शेवटी तुम्ही शिकवलेलं ते वाक्य मराठीत म्हणून दाखवलं, 'तरी धावलो.' लोकांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. माझा डावा घोटा दुखत होता.

ती गोष्ट मला तुमच्याइतकीच पाठ आहे. तुमचे आजोबा, माझे पणजोबा, बळवंतराव, संस्थानातले सहा खेळांचे गडी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राजेसाहेबांसमोर खेळ व्हायचे. गोळा, लांब उडी, उंच उडी, भाला, मग बांबूवरची उडी आणि सगळ्यात शेवटी, उन्हं उतरताना, गावाभोवतीची शर्यत. सहाही खेळ एकाच माणसाने एकाच दिवसात खेळायचे आणि सगळ्यांत मिळून जो सरस तो जिंकला. पणजोबा अनवाणी खेळले. पाच खेळ झाले तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे होते, पण बांबूवरून उतरताना घोटा मुरगळून सुजला होता. तरी ते शेवटची शर्यत धावले, जिंकले आणि राजेसाहेबांनी स्वतःच्या हातांनी त्यांच्या डोक्यावर रेशमी फेटा बांधला. इथे तुम्ही थांबायचात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचात. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, 'अप्पा, मग तो फेटा कुठाय?' तुम्ही म्हणालात, 'कसर लागली.' मी नऊ वर्षांची होते. मला पटलं.

गोष्टीला पुरावा म्हणजे ती लाल कापडी बांधणीची वही. पणजोबांची रोजनिशी, सगळी मोडी लिपीत. आपल्या घरात मोडी फक्त तुम्हाला यायची. आजोबांनी मांडीवर बसवून शिकवली, का तर नातवाला आपली वही वाचता यावी म्हणून. हेही तुम्ही अभिमानाने सांगायचात. माझ्या प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही हात धुऊन वही काढायचात, चष्मा लावायचात, ओळीवर बोट ठेवायचात आणि वाचायचात, 'पाय सुजला होता. तरी शेवटची शर्यत धावलो.' मला त्या गोल गोल वळणांत काहीसुद्धा कळायचं नाही. मला फक्त तुमचं बोट दिसायचं.

मिरजेच्या शाळेत तुम्ही पीटीचे सर आणि घरीही तुम्ही पीटीचे सरच. पहाटे पाचला पांघरूण ओढलं जायचं. 'सुमे, ऊठ. आजोबा या वेळेला दोन मैल पळून यायचे.' माझ्या मैत्रिणी भोंडल्याची खिरापत ओळखायच्या तेव्हा मी शाळेच्या बाकांवरून अडथळ्यांच्या उड्या मारत असायची. सगळे खेळ यायलाच हवेत, एकाच खेळात हुशारी दाखवणारा अर्धा खेळाडू, असं तुमचं मत होतं. आणि मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं. उंच उडी तर फारच. तुम्ही दोन बांबूंना सुतळी बांधून ती बोट-बोटभर वर सरकवत जायचात आणि मी ओलांडली की काही न बोलता अजून वर सरकवायचात. पाठ सुतळीवरून जाताना मला आभाळ दिसायचं. त्या आभाळाबद्दल मी तुमचे आभार मानते, आजही. तेवढं मी परत घेत नाही.

पण पुढचं सांगते. तुम्ही पुढचं कधीच कोणाला सांगितलं नाहीत. मी पंधरा वर्षांची होते. जिल्ह्याची स्पर्धा, पाच खेळांची, सांगलीच्या मैदानावर. चौथ्या खेळात, माझ्या लाडक्या उंच उडीत, मी वाळूच्या कडेच्या विटेवर उतरले. कट् असा आवाज झाला. तुम्ही जवळच होतात, तुम्हीही तो ऐकलात. घोटा बघता बघता बटाट्याएवढा झाला. उरली होती आठशे मीटरची शर्यत आणि तोवर मी पहिली होते. मी तुम्हाला म्हटलं, 'अप्पा, नाही जमणार.' तुम्ही खिशातला रुमाल ओला केलात, घोट्याला करकचून बांधलात आणि पिशवीतून ती वही काढलीत. भर मैदानात, उन्हात. चष्मा लावलात, बोट ठेवलंत आणि वाचलंत. मग म्हणालात, 'आपल्या घरात मैदान अर्धवट कोणी सोडत नाही. ऊठ.'

मी उठले, अप्पा. दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत रडले, दुसऱ्या फेरीत रडायलाही दम उरला नाही. चौथी आले, पण आधीचं पुरलं आणि कप मिळाला. फोटोत तुम्ही कप धरून उभे आहात आणि मी खुर्चीवर बसले आहे, कारण मला उभं राहता येत नव्हतं. त्यानंतर प्लास्टर, मग दुसरं प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, मोडला होता तेवढाच राहिला असता तर नीट जुळून आला असता, त्यावर पळाल्यामुळे आतलं सगळं फाटलं. आई एकदाच बोलली, तेही स्वयंपाकघरातून, तुमच्याकडे न बघता, 'पोरगी लंगडतेय हो.' तुम्ही वर्तमानपत्र उलटलंत. मी पुन्हा मैदानावर गेले नाही आणि तुम्ही वही कपाटात ठेवून दिलीत. आपण दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही.

मी इंजिनिअर झाले आणि जर्मनीत आले. बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीत माझं काम काय, तर एखादा भाग किती भार पेलेल ते बघायचं आणि त्याच्या आत थांबायला सांगायचं. पहिल्यांदा तुम्हाला हे फोनवर समजावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'थांबायला सांगायचे पैसे देतात?' तुम्ही विनोद केलात असं सलीलला वाटलं. तो जावई आहे, त्याला तुमचे सगळे विनोद आवडायचे.

आई गेली आणि पाच वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे हेर्त्सोगेनआउराखला राहायला आलात. साऱ्या जगाला खेळाचे बूट पुरवणारं गाव! तुम्ही विमानतळावरून येतानाच सुनावलंत की आजोबांना बूट लागले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात सेलमधून निळे बूट घेऊन आलात, तो भाग वेगळा. बसने एकटे एर्लांगनला जाऊन यायला लागलात. जर्मन येत नव्हतं तरी बेकरीतल्या बाईशी तुमचं पाच-पाच मिनिटं 'या, या, गेनाऊ', म्हणजे 'हो, हो, अगदी बरोबर', चालायचं. सगळं छान चाललं होतं आणि मग माझी लेक, तुमची लाडकी रेवा, तुम्हाला म्हणाली की तिला फराइनमध्ये, म्हणजे इथल्या क्लबात, अॅथलेटिक्सला जायचंय. आणि एकच खेळ नको, सगळे हवेत. इथे मुलींचे सात खेळ असतात, दोन दिवस चालतात आणि शेवटी, अर्थातच, आठशे मीटर. तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं.

म्हणून मी अट घातली. मैदानावर यायचं असेल तर या, पण कुंपणाच्या बाहेर बसायचं. एक सूचना नाही, एक हातवारा नाही, आणि ती वही तिच्यासमोर काढायची नाही. तुम्ही 'बरं' म्हणालात. सलीलने तुम्हाला घडीची खुर्ची आणून दिली आणि आठवड्यातून दोनदा तुम्ही थर्मास घेऊन कुंपणाबाहेर बसायला लागलात. लोकांना ते दृश्य फार गोड वाटायचं. तिची ट्रेनर बिर्गिट तुम्हाला हात करायची. मी ऑफिसातून लवकर निघून पार्किंगमधून तुमच्यावर नजर ठेवायची, हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं, होतं.

माझ्यादेखत एकदाच तुम्ही अट मोडलीत. दोन उन्हाळ्यांपूर्वी. सराव संपला होता, बिर्गिट गेली होती आणि तुम्ही आत जाऊन रेवाला सुरुवात कशी घ्यायची ते दाखवत होतात. सत्तरी उलटलेला माणूस, निळे बूट, गुडघा जमिनीला टेकलेला. कोणालाही कौतुक वाटलं असतं. मी गाडीतून उतरून तुमच्या अंगावर गेले.

'अप्पा, बाहेर या.'

'अगं, पाय कुठे ठेवायचा तेवढंच...'

'बाहेर या म्हणतेय ना! माझा पाय घेतलात, तिचा घेऊ देणार नाही मी.'

रेवा आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनमध्ये. तुम्ही कपडे झटकत उठलात आणि शांतपणे म्हणालात, 'तू पहिली आली होतीस.'

बस्स. तीस वर्षांनी मी तोंड उघडलं आणि मला उत्तर मिळालं ते हे. मी तिथेच भांडायला हवं होतं. गाडी सुरू केली, तुम्ही मागे बसलात आणि घरी आल्यावर तुम्हीच चहा टाकलात. ते भांडण तिथेच राहिलं. मी ते रोज मनात पुढे नेत होते. तुम्ही काय करत होतात कोणास ठाऊक.

मग तुम्ही मैदानाचं बोलणं सोडलंत आणि रेवाला मोडी शिकवायला लागलात. शाळेतून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर. ही पोरगी देवनागरी लिहायला सांगितलं की नाक मुरडायची, पण ही लिपी आईबाबांना वाचता येत नाही हे कळल्यावर तिला भलताच हुरूप आला. गुप्त लिपी! महिन्याभरात फ्रिजवर तुमच्या दोघांच्या चिठ्ठ्या लागायला लागल्या आणि सलील त्यांच्यासमोर उभा राहून डोकं खाजवायचा. मला बरं वाटलं होतं, खरंच सांगते. म्हटलं, म्हातारा एकदाचा निरुपद्रवी कामाला लागला. तुम्ही दोघं खिदळत असायचात आणि मी दुसऱ्या खोलीत मीटिंग म्यूट करून ते ऐकत बसायची. त्या दुपारींबद्दलही आभार मानले असते. परवापर्यंत मानणारच होते.

तुम्ही गुरुवारी सकाळी गेलात. ब्रेड आणायला निघालात, दारातल्या बाकावर बूट घालायला बसलात आणि तसेच राहिलात. एक बूट पायात, एक हातात. मी 'अप्पा, उशीर होतोय' म्हणाले. तुम्हाला मी म्हटलेलं शेवटचं वाक्य हे. बेश्टाटरने, म्हणजे अंत्यसंस्कार करून देतात त्या माणसाने, कपडे कोणते घालायचे विचारलं तेव्हा रेवाने निळे बूट आणून दिले. मी रडले, खूप रडले. त्या दिवशी मला वाटलं होतं की आता सगळं फिटलं. माणूस गेल्यावर कसला राग धरायचा?

दहाव्या आणि अकराव्या दिवशी रेवाची स्पर्धा होती. कोल्हापूरहून आत्याचा फोन आला, 'सुतकात खेळतात का कुठे?' मी म्हटलं, अप्पांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते? रेवाने तुमची घडीची खुर्ची गाडीत टाकली. का, म्हणून मी विचारलं नाही. कुंपणाबाहेर, तुम्ही बसायचात तशीच, ती तिने स्वतः उघडून ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सहाव्या खेळात, भाला फेकताना तिचा पुढचा पाय घसरला. ती खाली बसली आणि तिने घोटा धरला. डावा. आवाज मला ऐकू येणं शक्यच नव्हतं, एवढ्या लांबून. तरी मला तो ऐकू आला. ती तेव्हा तिसरी होती आणि फक्त आठशे मीटर उरले होते. इथे आईबापांना मैदानात जाऊ देत नाहीत. मी कुंपणाला धरून उभी होते आणि मला दिसत होतं की बिर्गिट वाकून तिला काही विचारतेय. मला माहीत होतं ती काय उत्तर देणार. पाच वर्षं तुम्ही तिच्या कानात ती गोष्ट ओतली होतीत, वहीशिवाय, कारण वही लागतच नव्हती. फ्राऊ लिंडनरांनासुद्धा पाठ होती ती. मी ओरडले, 'रेवा, नाही! नाही धावायचं!' आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. त्या क्षणी तुम्ही समोर असतात ना अप्पा, तर मी काय केलं असतं ते मला लिहवत नाही.

रेवाने मान हलवली. नाही, अशी. मग ती उठली, बिर्गिटच्या खांद्यावर हात टाकून लंगडत फाटकापर्यंत आली, बाहेर आली आणि तुमच्या खुर्चीवर बसली. अगदी आरामात. पाय पुढे पसरला आणि पाण्याची बाटली मागितली.

'तू... धावत नाहीयेस?' मी विचारलं.

'पाय सुजलाय,' ती जर्मनमध्ये म्हणाली. 'पणजोबासुद्धा बसलेच होते ना.'

'कोण बसलं होतं?'

'तुझे पणजोबा. श्टेट डोख दा, मामा.' लिहिलंय की तिथे, आई. जणू मीच कशी इतकी अडाणी.

माझा चेहरा बघून तिला कळलं की मला माहीत नाही. मग तिने तिथेच सगळं सांगितलं. फेब्रुवारीत तुम्ही तिच्यासमोर लाल वही ठेवलीत आणि म्हणालात, आता तू वाच. त्या पानावर आल्यावर तिने अडखळत, बोट ठेवून, अक्षरं लावून वाचलं. 'पाय सुजला होता. शेवटची शर्यत धावलो नाही. कडुलिंबाखाली बसून राहिलो. गार वाटले. फेटा दुसऱ्यास गेला.' तिला वाटलं, आपलं चुकलं. तिने पुन्हा वाचलं. तुम्ही म्हणालात, 'बरोबर वाचलंस.' तिने विचारलं, मग तुम्ही सगळ्यांना वेगळं का सांगता? तुम्ही वही मिटलीत. मग म्हणालात, 'आईला यातलं काही बोलू नकोस. मी सांगेन तिला.' रेवाला वाटलं, तुम्ही एव्हाना सांगितलं असेल.

मी सांगेन तिला! फेब्रुवारी ते एप्रिल, अप्पा. रोज सकाळी माझ्या समोर बसून तुम्ही चहा प्यायचात. रोज. एका सकाळी म्हणालात, आलं कमी झालंय. एका सकाळी म्हणालात, फ्राऊ लिंडनरांच्या अंगणात ट्यूलिप आलेत. एका सकाळी तुम्ही 'सुमे' म्हणून हाक मारलीत, मी लॅपटॉपमधून मान वर केली, आणि तुम्ही म्हणालात, 'काही नाही, काम कर.' ती हाक माझ्या कानातून जात नाही. मी लॅपटॉप बंद केला असता तर बोलला असतात का? असं म्हणून माझ्याच डोक्यावर खापर फोडून घ्यायचं का आता मी?

मला गोष्ट खोटी निघाल्याचं वाईट वाटत नाही. पणजोबा हरले, बसले, झाडाखाली गार हवा खाल्ली. शहाणा माणूस. मला ते एकदम आवडायलाच लागले. तुम्ही भिंतीवर लावलेल्या त्यांच्या जुन्या फोटोत ते बांबू धरून जरा वैतागलेले दिसतात, ते का, हेही आता कळल्यासारखं वाटतं. राग याचा आहे की तुम्हाला माहीत होतं. सांगलीच्या मैदानात, माझा घोटा तुमच्या रुमालात असताना, तुमचं बोट ज्या ओळीवर होतं त्या ओळीत लिहिलं होतं की बसून राहिलो. तुम्ही ती डोळ्यांनी वाचलीत आणि तोंडाने दुसरीच म्हटलीत. त्या माणसाने तुम्हाला मांडीवर बसवून लिपी शिकवली, ती यासाठी? त्याने तुम्हाला बसायची परवानगी लिहून ठेवली होती, अप्पा. तुम्ही ती माझ्यापासून लपवलीत आणि नातीला दिलीत. तिचा पाय वाचला. मी तिची आई आहे, मला आनंद व्हायलाच हवा, आणि झालाही. त्याच श्वासात मला असं वाटलं की कोणीतरी मला पुन्हा पंधरा वर्षांची करून त्या मैदानात उभं केलंय.

आठशे मीटर संपल्यावर इथे एक पद्धत आहे. सातही खेळ खेळलेल्या मुली हातात हात धरून एक फेरी मारतात, पहिली आणि शेवटची शेजारी-शेजारी. त्यांनी रेवाला हाका मारल्या. ती म्हणाली, मी पूर्ण नाही केलं. दोघी जणी येऊन तिला खांद्यावर घेऊन गेल्या. खुर्ची रिकामी झाली. सलील म्हणाला, 'बस जरा, किती वेळ उभी आहेस.' मी बसले. घोट्याला एकदम बरं वाटलं आणि त्याचाही मला राग आला.

घरी येताना सलील म्हणाला, 'अगं, माणूस गेला. सोड आता तरी.' मी म्हटलं, तुझा घोटा आण, मग सोडते.

रेवाचा पाय नुसता मुरगळलाय, दोन आठवडे आराम. काल दुपारी ती टेबलाशी बसली होती, पायावर थंड पिशवी, आणि मी तिच्यासमोर वही ठेवली. म्हटलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघ. पणजोबांचं नाही, अप्पांच्या हातचं काही आहे का बघ. कडेला, मागे, कुठेही. माझ्याबद्दल एखादी ओळ. तुम्ही तोंडाने बोलू शकला नसाल, पण लिहिलं असेल, असं मला वाटलं. तुमची गुप्त लिपी होती ना ती. रेवाने एकेक पान बघितलं. अर्धा तास लागला. पणजोबांचं लिखाण संपतं आणि पुढे दहा-बारा पानं कोरी आहेत. तिने तीसुद्धा उजेडात धरून पाहिली.

'निक्स, मामा,' ती हळूच म्हणाली. काही नाही.

मग मी तिला म्हटलं, मला शिकव. सगळं नको, लागतील तेवढीच अक्षरं. तिने सांगितलं की आधी पट्टीने सबंध रेघ मारून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लटकवत जायची. तुम्ही तिला शिकवलंत तसंच ती मला शिकवत होती, तुमच्याच सुरात, 'घाई नको, घाई नको.' मी रफ कागदावर बरीच गिरवली. आणि मग वहीत, पणजोबांच्या शेवटच्या पानाच्या पुढच्या कोऱ्या पानावर, शाईने लिहिलं. अक्षरं वाकडी आली आहेत, दोन ठिकाणी रेवाने दुरुस्त केली, पण वाचता येतात.

पाय मोडला होता. अप्पांनी धावायला लावले. धावले. बसायला हवे होते.

मंजिरीला त्या लिंबू-चमच्याच्या फोटोखाली काय हवं ते लिहून देते. वहीतलं हे मात्र तुमच्यासाठी आहे, तुम्हाला येते त्या लिपीत, दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायला नको. हात धुवा, चष्मा लावा, ओळीवर बोट ठेवा. आणि आहे तसं वाचा, अप्पा.